समोरच्याच्या बाजूनं उभे राहणारे खरात सर

प्रभाकर याकोब खरात सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका सर्वधर्म परिषदेत. अशा परिषदांना मी धंद्याचा भाग म्हणून जातो. वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिणाऱ्याला कच्चा माल लागतो, आणि तो परिषदांमध्ये जितका मिळतो तितका लग्नातही मिळत नाही. छावणीच्या अलीकडच्या एका कॉलेजचं सभागृह होतं, उन्हाळा होता, पंखे नावापुरते फिरत होते. एकामागून एक वक्ते उठत आणि आपला धर्म प्रेम, शांती आणि बंधुता कशी शिकवतो ते सांगत. सगळ्यांचे शब्द इतके सारखे की मध्येच वक्त्यांची अदलाबदल केली असती तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मग ख्रिस्ती धर्माच्या वतीनं सर उठले. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाची ती फळ्याकडे निघालेली चाल. माइक हातात घेऊन म्हणाले, "आत्तापर्यंत सगळे जितकं गोड बोलले तितकं गोड येशू बोलला असता तर त्याला कुणी मारलंच नसतं. म्हातारा होऊन घरच्या घरी गेला असता."

सभागृहातली निम्मी माणसं जागी झाली. उरलेली निम्मी काळजीत पडली.

पुढं सर म्हणाले, येशूनं दुसऱ्याचे दोष काढणाऱ्यांविषयी एक चित्र सांगितलंय, ते मी आपल्या पद्धतीनं सांगतो. एक डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्याच्या स्वतःच्या डोळ्यात सागवानी तुळई घुसलेली. चांगली दहा फूट. तो पेशंटला म्हणतो, बसा, तुमच्या डोळ्यात कचरा दिसतोय, काढून देतो. आणि वाकतो. एवढं सांगून सर स्वतःच त्या तुळईसकट व्यासपीठावर वाकले. अध्यक्षांनी खरोखर मान बाजूला घेतली. मग सर कंपाउंडरकडे वळले, तो आडवा झाला. दाराकडे वळले, रांगेतले पेशंट आडवे झाले. विषय धर्माचा असल्यानं सभागृहात कुणीही हसलं नाही. मी मात्र खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलो. सरांनी व्यासपीठावरून माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "चला, एकाला तरी कळलं."

त्या दिवशी घरी जाताना मी हवेत होतो. चर्चमधल्या चित्रांत मान कलती करून उभा असलेला, कोकरू उचललेला येशू मला माहीत होता. हा तुळईवाला येशू कुणी दाखवलाच नव्हता! हा तर आमच्या धंद्यातला माणूस निघाला. पेल्यातलं चिलट गाळून घेऊन उंट गिळणारी माणसं, चौकात उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करणारी माणसं, मेजवानीत पुढच्या खुर्चीसाठी कोपरं मारणारी माणसं. दोन हजार वर्षं झाली, यातला एकही इसम आपल्या शहरातून बदलून गेलेला नाही. पुढच्याच गुरुवारी मी सरांच्या बैठकीला हजर झालो आणि आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात लिहितोय ते त्या बैठकीचं जुनं गिऱ्हाईक म्हणूनच.

या बैठकीविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत, म्हणून ती कशी चालते ते आधी सांगतो. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या आवारातल्या छोट्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमत. सर शुभवर्तमानातला एखादा दाखला किंवा प्रसंग वाचत. शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र आणि शिकवण, आणि दाखला म्हणजे त्यानं सांगितलेली गोष्ट. सर तो वाचत, पण आपल्या मुलखात आणून. द्राक्षमळ्याची मोसंबीची बाग होई, गालीलचा समुद्र नाथसागर होई. एकदा पुण्याहून आलेल्या एका विद्वानांनी यावर आक्षेप घेतला. सर म्हणाले, "अहो, गालीलचा समुद्र म्हणजे एक तळंच आहे. आमचं धरण त्याहून मोठं असेल. उलट मी समुद्राचा मान वाढवतोय." विद्वानांनी ते वहीत टिपून घेतलं.

वाचून झालं की सर विचारत, "यातल्या कुणाचा राग आला?" हा सरांचा एकमेव प्रश्न. अर्थ काय, तात्पर्य काय, बोध काय, हे शब्द त्यांनी शाळेतून निवृत्त होताना तिथंच ठेवून दिले असावेत. कुणाचा राग आला ते सांगायचं. आणि ज्यानं सांगितलं त्यानं उभं राहून त्याच माणसाच्या बाजूनं बोलायचं. त्याची चेष्टा करायची नाही, त्याला मूर्ख ठरवायचं नाही. तो स्वतः जसा बोलेल तसं बोलायचं. हा बैठकीचा नियम. सरांच्या मते शत्रूवर प्रेम करा या सांगण्याचा एवढाच भाग माणसाला रोज जमण्यासारखा आहे. बाकीचा भाग अवघड आहे, तो नंतर बघू.

वाचायला सोपं वाटतं. करून बघा.

सिल्लोडचे हनीफभाई मक्याचे आडते आहेत. आठवड्यातून एकदा कामाला शहरात येतात, ते काम मुद्दाम गुरुवारी काढतात. एका गुरुवारी रस्त्यात लुटून, मारून टाकलेल्या वाटसरूचा दाखला होता. एक धर्मगुरू येतो, त्याला बघतो आणि पलीकडून निघून जातो. दुसरा एक धार्मिक माणूसही तेच करतो. शेवटी शोमरोनी म्हणजे त्या काळी ज्यांच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही अशा जमातीतला एक माणूस थांबतो, त्याच्या जखमा बांधतो, त्याला सरायीत पोचवतो. हनीफभाई ताडकन म्हणाले, "मला त्या धर्मगुरूचाच गुस्सा येतो. माणूस पडलाय, अन् हा बाजूनं निघून चालला? कसला धर्म हा?"

"उठा मग," सर म्हणाले. "तुम्हीच धर्मगुरू."

हनीफभाई उठले, टोपी सारखी केली. "मी घाईत व्हतो. तिकडं लोक माझी वाट बघू लागले व्हते. अन् थांबलो असतो तर पहिला सवाल मलाच आला असता, की भाई, तुझ्याच गाडीनं उडवला ना ह्याला?" मग खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "सर, आता हे नाटक नाय राहिलं. फुलंब्रीच्या पुढं एकदा खरंच पडला व्हता एक जण. मी काच वर केली."

सरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, "आता दाखला सुरू झाला. इतका वेळ आपण तो नुसता ऐकत होतो."

मग सर त्या शोमरोनी माणसाकडे आले. म्हणाले, येशूचं ऐकणाऱ्यांना वाटत होतं, धर्मगुरू नापास झाले म्हणजे तिसरा येणारा आपल्यातलाच साधा माणूस असणार. टाळ्या वाजवायला हात वर गेले होते. आणि येशूनं कुणाला आणलं? ज्याचा पेला वेगळा ठेवला होता त्याला! सर पाण्याचं आणखी समजावून सांगू लागले तेव्हा मागून कुंदाताई म्हणाल्या, "सर, पाण्याचं आम्हाला नका समजावू. ते सोडून पुढं चला." कुंदाताई वाहुळे सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत, आंबेडकरी घरातल्या आहेत आणि आमच्या बैठकीत सरांना मधेच थांबवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला आहे. सर मुकाट्यानं पुढं गेले. सरांना थांबवलेलं फार आवडतं. इतक्या आनंदानं गप्प होणारा वक्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

सरांचा हा नियम हॉलपुरता नव्हता, याचा एक वैयक्तिक अनुभव सांगतो. माझ्या एका लेखावरून आमच्या भागातले एक नेते खवळले. लेख रस्त्यातल्या खड्ड्यांवर होता, पण त्यांना त्यात आपला चेहरा दिसला. धमकीचे फोन सुरू झाले. सर घरी आले, रूथकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेला केक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जरा त्या नेत्याच्या बाजूनं बोला बघू." मी भडकलो. म्हटलं, सर, मार मी खाणार आणि बाजूही त्याचीच मांडू? "पाचच मिनिटं," ते म्हणाले. मी दात खाऊन बोलू लागलो आणि बोलता बोलता कळलं, की नेत्याला खड्ड्यांचं काहीच वाटलेलं नाही. फोनवर पुन्हा पुन्हा तेच येत होतं, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना कुणीतरी तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला होता, त्याची ही आग आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कार्यालयात गेलो. लेख मागं घेतला नाही, पण वडिलांना जाऊन भेटलो. सर दोन्हीकडं माझ्यासोबत आले आणि एक अक्षर न बोलता शेजारी बसून राहिले. परतताना एवढंच म्हणाले, "पुढचा लेख कधी?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मला केव्हापासून सांगायची होती, पण गौरवलेखात आधी गुणवर्णन करावं लागतं, म्हणून हात आवरून धरला होता.

काही वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी परक्या बाईचा प्रसंग निघाला. परमुलखातली, परजातीची एक बाई आजारी मुलीसाठी येशूच्या मागं ओरडत येते. तो आधी गप्प राहतो. मग म्हणतो, पोरांच्या तोंडची भाकर काढून कुत्र्यांना घालणं बरं नाही. बाई हटत नाही. म्हणते, खरंय, पण ताटाखाली सांडलेलं कुत्रीसुद्धा खातातच. त्यावर येशू तिचं म्हणणं मान्य करतो आणि मुलगी बरी होते.

सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कुंदाताई म्हणाल्या, "मला कुणाचा राग आला सांगू का? तुमच्या येशूचाच. लेकरू आजारी असलेल्या बाईला कुणी असं बोलतं?"

हॉलमधली ख्रिस्ती मंडळी जागच्या जागी थिजली. बाकीच्यांनी आपापल्या चपला कुठं आहेत ते पाहून घेतलं. सर क्षणभर घुटमळले, पण नियम त्यांचाच होता. "मग ताई, त्याच्या बाजूनं बोला."

"मी?"

"राग तुम्हालाच आलाय ना?"

कुंदाताई उठल्या. म्हणाल्या, "मी डबल ड्युटी करून बसलेले. पाय सुजलेले. वॉर्ड फुल्ल, खाली गाद्या टाकलेल्या. अन् दारातून एक बाई ओरडत येती, माझ्या पोरीला बघा, माझ्या पोरीला बघा. मी मान वर न करता म्हणते, इथं आमच्याच पेशंटला जागा नाय, तुझी पोरगी कुठं घालू? लई वाईट बोलले. बोलल्यावर कळलं, पण तोंडातून गेलं होतं. ती बाई रडली नाय, भांडली नाय. म्हणली, सिस्टर, कॉट नको, दोन कॉटांच्या मधली फरशी द्या. आता ह्याच्यावर काय बोलणार? उठले. जागा केली." मग स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "राग गेला का ते माहीत नाय. पण तो उठला, हे मानावं लागतं. आमच्याकडं माणूस वादात हरला की खुर्ची आणखी घट्ट धरतो."

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली आणि पाण्याचा ग्लास आडवा झाला. "हरला! बरोबर बोललात! शास्त्री आले, पंडित आले, कुणाला हार गेला नाही. हरला तो एका परक्या बाईपुढं! आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलं नाही! आपल्या गुरूचं चरित्र लिहिताना कुणी ठेवलं असतं का हे?" गौरवग्रंथात लिहिणाऱ्यानं हा प्रश्न ऐकून जरा बेचैन व्हावं, हे ओघानं आलं.

त्याच वेळी खिडकीतून आवाज आला, "प्रभाकर, बाहेर ये."

खिडकीत दाविदराव भालेराव उभे होते. दाविदराव चर्चच्या, त्यांच्या भाषेत देवळाच्या, कमिटीचे अध्यक्ष आणि सरांचे शाळेपासूनचे मित्र. एकाच गायनमंडळात वाढलेले. सर गायचे आणि दाविदराव हार्मोनियम वाजवायचे. दोघांचं बोलणं आम्हाला आत ऐकू येत होतं.

"प्रभू हरला म्हणतोस? देवळाच्या आवारात?"

"हरला म्हणून तर मोठा, दाविद."

"अन् ती सिस्टर प्रभूच्या तोंडानं बोलणार?"

"तोंड तिचंच होतं की."

"चेष्टा नको, प्रभ्या. दिवस कसे आलेत ते दिसत नाय का तुला? बास झालं आता. कमिटीत ठेवतो विषय."

विषय ठेवला गेला: गुरुवारची बैठक चर्चच्या आवारात चालू द्यावी की बंद करावी. आम्हाला बैठकीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी दुसरी होती. रविवारी उपासना संपली की हे दोघे लिंबाखाली स्कूटरी उभ्या करून तासभर वाद घालत. तो वाद मंडळीत उपदेशापेक्षा लोकप्रिय होता. त्या गुरुवारनंतर मात्र दोघे दोन दारांनी बाहेर पडू लागले. साठ वर्षांची मैत्री एका ग्लासभर पाण्यात वाहून चाललीय असं दिसत होतं, आणि सर, जे कुणाच्याही वतीनं बोलू शकत, ते याविषयी बोलायला तयार नव्हते. रूथकाकू म्हणाल्या, "दोन आठवडे झाले, यांनी गाणं म्हटलेलं नाही. पेटी वाजवणारा रुसलाय ना."

कमिटीची सभा रविवारी उपासनेनंतर भरली. सर स्वतःही कमिटीचे सभासद. बैठकीतली बाहेरची माणसं कोण, हे कमिटीनं डोळ्यांनी बघावं म्हणून हनीफभाईंना आणि मला मागच्या बाकावर बसवलं होतं. कुंदाताईंची ड्युटी होती. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुकतेच बदलून आलेले, त्यामुळे जो बोलेल त्याच्याकडं बघून मान हलवत होते.

सर उठले. "माझी एकच विनंती आहे. आजची चर्चा बैठकीच्या नियमानं व्हावी. दाविदची बाजू मी मांडतो. माझी बाजू दाविदनं मांडावी."

दाविदराव खुशीतच तयार झाले. "मांड की. माझी बाजू इतकी सरळ हाय की तुलासुद्धा ती बिघडवता यायची नाय."

सरांनी टेबलावर हात ठेवले आणि सुरुवात केली. विनोद नाही, हातवारे नाहीत.

"मी दाविद भालेराव. माझं प्रभाकरशी वैर नाही, त्याच्या लग्नात मी पेटी वाजवलीय. बैठकीला येणारी माणसं वाईट आहेत असंही मी म्हणत नाही. पण गुरुवारी संध्याकाळी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बैठक सुटेपर्यंत मी फाटकाच्या आसपास फिरत असतो. लोकांना वाटतं, म्हातारा चालायला निघालाय. मी बघत असतो, बाहेर कुणी उगाच थांबलंय का, कुणी मोबाइल धरलाय का. आत प्रभाकर हसतोय, ग्लास पाडतोय. उद्या कुणी फाटकावर येऊन विचारलं, की आत हिंदू, बौद्ध, मुसलमान बसवून काय उद्योग चाललाय, तर प्रभाकर त्याला एक दाखला सांगेल आणि खुशीत घरी जाईल. चौकीवर जाऊन बसावं लागेल मला. मंडळीतल्या पोरींच्या सोयरिकी जमत असतात, त्या घरी लोक विचारतील, तुमच्या चर्चचं पेपरात काय आलंय? त्याला उत्तर मी द्यायचं. प्रभाकरला शब्दांची काळजी आहे. मला माणसांची आहे. या देवळात कुणीतरी भ्यायला पाहिजे की नाही? सगळेच प्रभाकर झाले तर फाटकावर कोण उभं राहणार?"

दाविदराव टेबलाकडं बघत होते. गुरुवारी ते फाटकाशी का फिरतात हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, घरातसुद्धा. सरांनी ते आतून, हसता हसता, इतकी वर्षं बघून ठेवलं होतं. माझ्या शेजारी हनीफभाई पुटपुटले, "या अल्ला, सर तर केस जिंकायला लागले. पण कुणाची?"

आता दाविदरावांची पाळी. ते उठले, घसा साफ केला. "मी प्रभाकर खरात. मला गप्प बसता येत नाय." सभेत हशा. "मला माझं बोलणं लई आवडतं." पाळकसाहेबही हसले. सगळ्यात मोठ्यानं हसले ते सर. दाविदरावांना चेव आला. "शाळेतपण मी असाच व्हतो. गुरुजींनी एक विचारलं की मी दोन सांगायचो. तर माझं म्हणणं असं की..." इथं ते अडकले. छताकडं बघितलं. पुन्हा बोलू लागले तेव्हा आवाज उतरला होता. "माझं म्हणणं असं, की प्रभू डोंगरावर बोलला. होडीत बसून बोलला. रस्त्यानं चालता चालता बोलला. त्याला फाटक नव्हतं. ऐकणारा कोण हाय ते बघून त्यानं शब्द गिळला नाय. परकी बाई आली तर तिला उलट उत्तर देऊ दिलं. अन् तिचं ऐकून उठला." मग सरांकडं वळून म्हणाले, "ती सिस्टर बोलली ते मी खिडकीतून सगळं ऐकलं व्हतं. माझी आई सरकारी दवाखान्याच्या फरशीवरच बरी झाली. कुणीतरी उठून जागा केली म्हणूनच ना? हे मी प्रभाकर म्हणून नाय बोललो. दाविद म्हणून बोललो. नियम मोडला."

"मोडू दे," सर म्हणाले.

पाळकसाहेबांनी विषय मताला टाकला. बैठक बंद करावी या बाजूनं हात वर करा. आणि वाचकहो, सरांचं ते भाषण इतकं बिनतोड झालं होतं की एकामागून एक हात वर गेले. सगळ्यात आधी वर गेलेला हात खुद्द खरात सरांचा होता! त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी दाविद म्हणून बसलोय ना अजून? आणि म्हणणं पटण्यासारखंच होतं." विरोधात मत कुणाचं? हात वर आला फक्त एक. अध्यक्ष दाविदराव भालेराव यांचा.

आयुष्यभर मी सभा-संमेलनांची टिंगल करत आलोय. प्रतिवादीनं स्वतःविरुद्ध खटला जिंकावा आणि फिर्यादीनं एकट्यानं त्याच्यासाठी हात वर करावा, असं काही मला सुचलंही नसतं. मी आणि हनीफभाई एकमेकांचे हात धरून बसलो होतो. बैठक बुडाली होती आणि आम्हाला नाचावंसं वाटत होतं.

लिंबाखाली दाविदरावांनी सरांना गाठलं. मधल्या सगळ्या आठवड्यांचं साचलेलं एकदम बाहेर आलं.

"प्रभ्या, एकटं पाडलंस मला! माझ्याच तोंडानं बोलून माझ्याच कमिटीत!"

"अरे, पण ठराव तुझाच पास झाला."

"चुलीत गेला ठराव! फाटकाचं तुला कुणी सांगितलं?"

"तू दर गुरुवारी त्याच चौकटीच्या शर्टात फिरायला निघतोस. शिक्षक होतो मी. कोण कशाला वर्गाबाहेर उभं आहे ते कळतं मला."

दाविदरावांनी स्कूटरला किल्ली लावली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "चर्चमध्ये बैठक नको हे तर तूच पटवलंस सगळ्यांना. मलापण पटलेलंच हाय ते. पण माझ्या घरी कोण येतं, कोण जातं, ते विचारणारा कोण? येत्या गुरुवारी माझ्या व्हरांड्यात. चौकशीला कुणी आलाच तर आधी माझ्याशी गाठ. अन् सिस्टरला सांग, मला तिला भेटायचंय."

घरी रूथकाकूंना निकाल कळला तेव्हा त्या म्हणाल्या, "यांच्या विरुद्धचा वकील कोण होता ते सांगा, त्याला जेवायला वाढणार नाही." सरांनी मुकाट्यानं आपलं ताट परत केलं.

तेव्हापासून बैठक दाविदरावांच्या व्हरांड्यात भरते. दाविदराव दारापाशी खुर्ची टाकून बसतात, एक डोळा रस्त्यावर आणि एक कान आत. ते अजूनही भितात. सर त्यांना भिऊ नको असं एकदाही म्हणालेले नाहीत, मध्येच बोलणं थांबवून "काय दाविद, ठीक?" एवढं विचारतात. दाविदरावांनी मान हलवली की पुढं जातात. मला विचाराल तर सरांनी येशूच्या शिकवणीचं आजवर जेवढं विवेचन केलं, त्यातलं सर्वांत उत्तम विवेचन या तीन शब्दांत आहे. प्रेमाचा महिमा सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्याच्याशी पटत नाही त्याची भीती तोंडपाठ असणारा माणूस मी एकच पाहिला. कुंदाताई येतात तेव्हा दाविदराव उठून त्यांना आपली खुर्ची देतात आणि त्या ती नाकारतात. हा कार्यक्रम दर आठवड्याला न चुकता होतो.

या वर्षी सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त कमिटीनं नवा ठराव केला: बैठक पुन्हा सन्मानानं चर्चच्या हॉलमध्ये भरावी. पाळकसाहेब आता इथं रुळले आहेत, ते स्वतः निमंत्रण घेऊन आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाविदराव मात्र तडकले. "आता बरी आठवण झाली! माझ्या घरातून बैठक हलणार नाय. कमिटीत विषय ठेवतो!" सरांच्या डोळ्यांत अशी चमक आली की आम्ही काय ते ओळखलं. म्हणाले, "ठेव. पण नियमानं बोलायचं. तू चर्चची बाजू मांड, मी तुझ्या व्हरांड्याची मांडतो."

तयारी दोन्हीकडून जोरात चाललीय. सर जिंकले तर बैठक दाविदरावांकडे राहील, दाविदराव जिंकले तर ती त्यांच्या हातून जाईल, आणि हे दोघे एकमेकांची बाजू इतकी जीव तोडून मांडणार की या वादाचा निकाल लवकर लागण्याची मुळीच शक्यता नाही. आमची तीच इच्छा आहे. सरांचा आवाज असाच खणखणीत राहो, पाय व्हरांड्याच्या पायऱ्या असेच चढत राहोत, आणि हा वाद त्यांच्या शंभरीपर्यंत कमिटीपुढं प्रलंबित राहो. दाविदरावांनाही तितकंच आयुष्य लाभो, कारण ते नसतील तर सर बोलणार कुणाच्या बाजूनं?